दाजींच्या आवाजामागून

विमान जमिनीवरून कसं जातं, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, चालत जातं. तेही बाळंतिणीच्या चालीने. उरणकडच्या बंदरात बोटीतून उतरलेलं विमानाचं धड, नाहीतर पंखाचा तुकडा, नाहीतर रॉकेटसाठी लागणारं एवढं मोठं कडं की त्यातून एसटी आरपार जाईल, असा माल घाटावरच्या कारखान्यांत पोचवायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. वजन म्हणाल तर फार नसतं. खडीच्या डंपरमध्ये लोक याहून जास्त भरतात. पण आकार असा की सगळा रस्ता अडतो, विजेच्या तारा आडव्या येतात आणि मागे तुंबलेले गाडीवाले माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. माझ्या केबिनच्या काचा बंद असतात, एवढंच बरं.

माल पांढऱ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला असतो. कुठे थांबलो की लोक जमतात आणि आत काय आहे ते विचारतात. आधी मी खरं सांगायचो. तेव्हा वाशिंदच्या एका म्हाताऱ्याने मला वेड्यात काढलं. म्हणाला, "इमान असतं तर उडवत नसतं नेलं?" तेव्हापासून मी साखर कारखान्याचा बॉयलर म्हणून सांगतो आणि सगळ्यांचं समाधान होतं. भातसानगरचा एक कामगार मात्र हटून बसला होता की हा धरणाचा नवा दरवाजा आहे आणि मी उगाच लपवतो आहे.

लोक जमतात, फोटो काढतात, निघून जातात. गाडी सुरू झाली की केबिनमध्ये मी एकटा. सोबतची माणसं मागे ट्रेलरच्या चाकांवर लक्ष ठेवत असतात, कंपनीचे साहेब त्यांच्याही मागे, गार हवेच्या गाडीत. दिवसभर स्टिअरिंग धरून पायी चालणाऱ्यापेक्षा हळू जायचं आणि संध्याकाळी जिथे थांबू तिथेच मुक्काम. खेप संपली की आसनगावची माझी खोली. बायको जाऊन काही वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन नाशिककडे असते. खोलीत शिरल्यावर मी आधी पंखा लावतो, उकडत असो वा नसो, कारण त्याचा निदान काहीतरी आवाज होतो. हे मी कोणाला सांगत नाही. ड्रायव्हर माणसाने असलं बोलायचं नसतं, असा आमच्यात समज आहे.

बोलायला मला एकच माणूस होता. तो माझ्या पुढे अर्धा-एक किलोमीटर असायचा आणि दिसायचा नाही.

आमच्या मालाच्या पुढे एक जीप जाते. तिच्या टपावर एक काठी उभी बांधलेली असते, मालाच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त. ती काठी ज्या तारेला लागेल ती तार मालालाही लागणार, हा हिशोब. ती जीप चालवणारा वॉकीटॉकीवरून मागे सांगत राहतो. कुठे तार लोंबते, कुठे खड्डा, कुठे कोणी रातोरात नवा गतिरोधक घातला. विमानाच्या मालाला धक्का सोसत नाही. पेटीवर एक डबडं लावलेलं असतं, ते प्रत्येक धक्का टिपून ठेवतं, आणि पोचल्यावर आधी ते उघडतात, मग आम्हाला पाणी विचारतात. म्हणून जीपवाल्याचा शब्द आमच्यात देवाचा. तो जे सांगेल ते ड्रायव्हरने जसंच्या तसं उलटून म्हणायचं आणि शेवटी 'समजलं' म्हणायचं. ऐकू आलं की नाही अशी शंका राहायला नको, म्हणून हा रिवाज.

"डावीकडं तार. हलू या."

"डावीकडे तार. हळू येतो. समजलं."

असा आमचा दिवस जायचा.

आमचे हे जीपवाले मुरबाड तालुक्यातले, सरळगावच्या पलीकडच्या गावचे. मी शहापूर तालुक्यातला. पहिल्याच खेपेला त्यांनी माझं गाव विचारलं आणि म्हणाले, माझी सासुरवाडी तुमच्या शेजारीच, म्हणजे तुमी माजे मेव्हणे. संपलं. त्या दिवसापासून ते मला मेव्हणे आणि मी त्यांना दाजी. वॉकीटॉकीवर ही नाती कानावर पडून पोलीससुद्धा आम्हाला खरेच सोयरे समजायचे. मी तसं समजू दिलं. मला बहीण नाही, त्यामुळे दाजी मिळायचा दुसरा मार्गही नव्हता.

एवढ्या वर्षांत आम्ही समोरासमोर बसलो असू ते बोटांवर मोजण्याइतकं. मी मुक्कामाला पोचेपर्यंत ते उद्याचा रस्ता बघायला पुढे गेलेले असायचे. त्यांचा चेहरा मला धड आठवायचा नाही. जाडसर मिशी, कपाळावर टोपीचा वळ, एवढंच. आवाज मात्र कुठेही ओळखला असता. तंबाखू दाबलेल्या गालातून येणारा, सावकाश, प्रत्येक शब्द खाली ठेवून मग पुढचा उचलणारा.

आणि ते फक्त तारा सांगत नसत. रस्त्यात जे दिसेल ते सांगत. वॉकीटॉकी सगळ्यांना ऐकू जाते, साहेबांनाही. साहेबांनी एकदा झापलं की धोका असेल तेवढंच बोला, बाकी बडबड नको. दाजी म्हणाले, बरं. पुढच्याच वळणावर सांगितलं, "उजवीकडं करवंदवाली. टोपली भरलेली. धोका नाय." पांढऱ्यावर काळं केल्यासारखं नियमात. त्यानंतर दाजींनी रस्त्यावरचं सगळं जग धोका नाय म्हणून माझ्यापर्यंत पोचवलं. पळस फुललाय, धोका नाय. मोहाखाली बायका फुलं येचतायत, धोका नाय. हिरो बसलाय टपरीवर, गॉगल घालून, आपल्याकडं बघनार, धोका नाय. मी सगळं उलटून म्हणायचो. मग थोड्या वेळाने ती टपरी माझ्या काचेत यायची, तो गॉगलवाला खरोखर माझ्याकडे बघायचा आणि मी केबिनमध्ये एकटा हसायचो. एकदा वीटभट्टीवर निघालेलं एक कुटुंब रस्त्याच्या कडेने चाललं होतं, डोक्यावर बोचकी, काखेत कोंबडी. दाजींनी सांगितलं, "मानसं हायेत. हॉर्न मारू नका, कोंबडी दचकंल." मी हॉर्न मारला नाही. मागचे सगळे ओरडत होते, पण मी त्या कोंबडीला मान देऊन गेलो.

मागच्या पावसाळ्यानंतर दाजींचा आवाज बसायला लागला. धूळ, म्हणाले. मग थंडी, म्हणाले. हिवाळ्याच्या खेपांत त्यांचे निम्मे शब्द नुसते हवा होऊन यायचे आणि मी अंदाजाने उलटून म्हणायचो. मी म्हटलं, दाजी, दाखवा कोणाला तरी. ते म्हणाले, "रस्त्यात डॉक्टर दिसला का सांगतो." माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी तरी किती ओरडणार वॉकीटॉकीवरून, आणि तेही साहेब ऐकत असताना?

होळी होऊन गेल्यावरची गोष्ट. विमानाचं धड घेऊन आम्ही आसनगावपाशी कडेला उभे होतो. पुढच्या गावांतल्या तारांची वीज बंद करायला वायरमन यायचे होते, त्यांची वाट बघत होतो. सकाळची वेळ. दाजी पुढे आटगावपर्यंत रस्ता बघत गेले होते आणि तिथूनच सांगत होते.

"आटगावपत्तर मोकलं."

"आटगावपर्यंत मोकळं. समजलं."

"शालेपुढं नवा गतिरोधक. उंच हाय."

"शाळेपुढे नवा गतिरोधक, उंच. समजलं."

"पुढल्या खेपंला मी नाय. डॉक्टर गल्यातलं काढनार हायेत. आवाज जानार."

"पुढच्या खेपेला तुम्ही नाही. आवाज जाणार. समजलं."

बटण सोडल्यावर मला कळलं की मी काय बोललो. माझं तोंड सवयीने चालून गेलं होतं. तार, खड्डा, गतिरोधक, आणि त्याच ओळीत हे. मी बटणावर अंगठा ठेवून बसून राहिलो. मागची माणसं, पुढचे पोलीस, साहेब, सगळ्यांनी ते ऐकलं होतं. मग दाजींचं घोगरं हसू आलं.

"बराबर समजलं मेव्हण्यांना," ते म्हणाले.

मला फार लागलं ते. त्यांचं हसू नव्हे, माझंच बोलणं. त्यांनी बहुतेक मुद्दामच ते असं रस्त्याच्या बातम्यांत मिसळून सांगितलं, म्हणजे कोणाला काही म्हणावं लागू नये. पण माझ्या मनात एकच चाललं होतं की हा आवाज आता एवढ्या एका खेपेपुरता आहे आणि तो बंद व्हायच्या आत या माणसाशी एकदा तरी धोक्याबिक्याचं सोडून, कोणी ऐकत नसताना, साधं बोलायला हवं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. नुसतं समोर बसायचं होतं.

दाजींनाही तसं वाटत असावं. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितलं, "कसाऱ्याला घाटाखाली थांबू. संगं जेवू."

"घाटाखाली थांबू. सोबत जेवू. समजलं," मी म्हटलं, आणि हे मात्र मनापासून समजलं होतं. डब्यात माझ्याकडे तांदळाच्या भाकरी होत्या आणि मीच केलेली सुकटीची चटणी. एकट्यासाठी नेहमी जास्त होते. त्या दिवशी ती पुरेल का याची मला चिंता लागली.

वायरमन आले, वीज बंद झाली, आम्ही निघालो. त्या दिवशी दाजी जास्तच बोलले. आवाज मधेच तुटायचा, पाण्यात बुडाल्यासारखा खाली जायचा, परत वर यायचा. आटगावच्या पुढे शेतात भातासाठी पालापाचोळ्याचे राब भाजत होते त्याचा धूर, धोका नाय. खर्डीला एसटी बंद पडली होती, तिच्या सावलीत लोक जेवायला बसले होते, धोका नाय, पण लोणचं आंब्याचं हाय. हे त्यांना जीपमधून कसं दिसलं, देव जाणे. साहेबांनी एकदाही टोकलं नाही. मी प्रत्येक शब्द उलटून म्हणत होतो आणि जिथे ऐकू आलं नाही तिथेही काहीतरी म्हणत होतो. पुन्हा सांगा असं म्हणून त्यांच्या घशाला त्रास द्यायचा नव्हता.

घाटाखाली पोचायला जरा अवकाश असतानाच पुढून पोलिसांचा निरोप आला. घाट आत्ता रिकामा आहे, दुपारी कंटेनरची रांग लागेल, थांबू नका, असेच वर चढा. साहेबांनी तेच फर्मावलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना जेवणाची वेळ कुठे कळते? पण पोलिसांचं चुकलं नव्हतं, घाटात असला माल घेऊन अडकणं म्हणजे दोन जिल्ह्यांची वाट अडवणं.

"मेव्हणे, थांबू नका," दाजी म्हणाले. "वर भेटू."

घाटाखालची खानावळ माझ्या डाव्या हाताला मागे गेली. बाहेर बाकडी होती, एकावर कोणी नव्हतं.

घाट चढताना बोलायला उसंत नसते. वळण, दरीची बाजू, चाकांचा कोन, एवढंच चालतं. दाजी बोलत होते, मी उलटून म्हणत होतो. अर्ध्या घाटात त्यांचा आवाज पार गेला आणि नुसती खरखर येऊ लागली. मग पोलिसांनी त्यांच्या जागी बोलायला सुरुवात केली. मी वर पोचलो तेव्हा जीपमध्ये दुसराच माणूस बसला होता. दाजींना दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. घरचं माणूस गाडी घेऊन वर येऊन थांबलं होतं, ते त्यांना घेऊन गेलं. कसाऱ्याला उतरायचा रस्ता वेगळा आहे, चढायचा वेगळा. मी चढत होतो तेव्हा ते उतरत होते, आणि समोरूनही गेले नाहीत.

त्या दिवशी मी केबिनमध्ये एकट्याने जेवलो. चटणी उरली.

नवा जीपवाला चांगला आहे, नावं ठेवायला जागा नाही. सांगतो ते नेमकं सांगतो. धोका असेल तर बोलतो, नसेल तर गप्प. साहेब त्याच्यावर खूश आहेत. मी मात्र त्या खेपांत बहिऱ्यासारखी गाडी चालवली. वाटेत काय फुललं, कोण बसलं होतं, मला आधी कोणी सांगितलं नाही आणि नंतर मी बघितलं नाही. एकटेपणा म्हणजे काय हे मला बायको गेल्यावर कळलं असं मी समजत होतो. तेव्हाही दिवसा दाजी होते.

शस्त्रक्रिया नीट झाली असं साहेबांकडून कळलं. ते दवाखान्यात जाऊन आले होते. दाजी घरी परतल्यावर दोन खेपांच्या मधल्या सुट्टीत मी किन्हवलीवरून जाणारी एसटी पकडली आणि सरळगावला उतरलो. तिथून जीपने गावात. माळशेजचे डोंगर उन्हात पार फिकट दिसत होते.

दाजी पडवीत लोखंडी खाटेवर बसले होते. गळ्याला पांढरा कपडा बांधलेला, त्यामागच्या भोकातून श्वास यायचा-जायचा. बारीक झाले होते. मला बघून हसले, मिशी हलली, आवाज नाही. मी शेजारी खुर्चीवर बसलो आणि मग आम्हा दोघांनाही पुढे काय करायचं ते कळेना. आम्हाला समोरासमोर बसायची सवयच नव्हती. मी विचारलं, बरं आहे ना? त्यांनी मान हलवली. दुखतं का? मान हलवली. मी अंगणाकडे बघत बसलो. ते माझ्या चपलांकडे बघत बसले.

दाजींची बायको चहा घेऊन आली. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होतो, पण नात्याने त्या ताईच. त्यांनी मला दादा म्हटलं आणि सुपात वालाच्या शेंगा घेऊन उंबऱ्याशी सोलायला बसल्या. माहेरच्या माणसांची चौकशी झाली, मला ठाऊक होती तेवढी मी सांगितली. मग त्या एकदम म्हणाल्या, "दादा, एक इचारू?"

मी म्हटलं, विचारा की.

"तुमचे सायेब हास्पिटलात आलते. ते सांगत व्हते, ह्येंच्या बोलन्याला खंड नसायचा. दिसभर बोलायचे. मेव्हण्यांशी बोलायचे, म्हनं." त्या शेंग सोलतच होत्या. "घरी ते कदी बोललेच नाय. यायाचे नि तोंडात मिठाची गुलनी धरून बसायचे. मी म्हनायची, मानूस घुमा हाय, काय करनार. आता त्येंना इचारायची सोय राह्यली नाय, म्हनून तुमाला इचारते. काय बोलायचे वो तुमच्याशी?"

दाजींनी भिंतीकडे तोंड केलं आणि ते आडवे झाले.

मी इतकी वर्षं स्वतःच्या एकटेपणाचं ओझं घेऊन फिरत होतो आणि या बाईच्या वाट्याचं सगळं बोलणं माझ्याकडे येत होतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी म्हटलं, "ताई, रस्ता सांगायचे. तारा, खड्डे. दुसरं काय?"

"मंग तेच सांगा," त्या म्हणाल्या. "कसं सांगायचे तसं."

मी आधी लाजलो. मग पडघ्यापासून सुरुवात केली. डावीकडे तार, हळू या. पुढे टपरीवाला, आज दाढी केलीय. भातसेचा पूल, एका चालीत या, मधे थांबू नका. दाजींसारखंच सावकाश बोलत गेलो, शब्द खाली ठेवत. ताई ऐकत होत्या, मधूनच हसत होत्या. दाजींची पाठ हलत नव्हती. आसनगाव झालं. तिथून मी म्हटलं, आता आटगाव, शाळेपुढे गतिरोधक.

खाटेच्या लोखंडावर ठण् असा आवाज झाला.

दाजींनी भिंतीकडे तोंड तसंच ठेवून हातातली अंगठी खाटेवर आपटली होती. मी थांबलो. परत म्हटलं, आटगाव. परत ठण्.

माझं काय राहिलं ते मला ठाऊक होतं. आसनगाव आणि आटगावच्या मधे शहापूरला किन्हवलीचा फाटा आहे, उजवीकडे. तिथे दाजी प्रत्येक खेपेला एकच वाक्य बोलायचे. साहेबांनीही ते कधी अडवलं नव्हतं. दुसऱ्याच्या बायकोसमोर ते माझ्या तोंडून कसं निघणार, म्हणून मी ते गाळून पुढे गेलो होतो. ताई माझ्याकडे बघत होत्या.

मी खाली बघत म्हटलं, "उजवीकडं फाटा. हितनं माजी बायको आनली. हलू या."

ताईंनी शेंगा सोलायचं थांबवलं नाही, पण दाणे सुपाबाहेर पडत होते. मग दाजींच्या पाठीकडे बघून त्या म्हणाल्या, "मंग ह्ये घरी बोलाया काय झालतं तुमाला?"

खाटेवरून कसलाही आवाज आला नाही.